नव्या फोनची रॉ फाइल जुन्या लाइटरूम-फोटोशॉपमध्ये कशी उघडायची

नव्या फोनवर काढलेली रॉ फाइल, म्हणजे सेन्सरचा कच्चा डेटा, बहुधा डीएनजी या ॲडोबीच्या खुल्या फॉरमॅटमध्ये असते. ती लाइटरूम ६ किंवा फोटोशॉप सीएस६ मध्ये घेतली की बहुधा तीनपैकी एक गोष्ट घडते. फाइल उघडतच नाही. किंवा उघडते, पण काळपट आणि सपाट दिसते. किंवा कोपऱ्यांत गुलाबी-हिरवी झाक येते आणि सरळ भिंतीला बाक आलेला दिसतो. या तिन्हींवर बहुतेक जण एकच निदान करतात: "माझा फोन या सॉफ्टवेअरच्या यादीत नाही." मग फाइलमधलं कॅमेऱ्याचं नाव बदलण्याचे खटाटोप सुरू होतात आणि फाइल आणखी बिघडते.

डीएनजीच्या बाबतीत हे निदान चुकतं. सेन्सरचे रंग कसे वाचायचे याचं गणित, म्हणजे कलर मॅट्रिक्स, डीएनजी फाइलच्या आतच लिहिलेलं असतं. त्यामुळे सॉफ्टवेअरला तो फोन माहीत असण्याची गरज नसते. कॅमेऱ्यांची यादी लागते ती कंपन्यांच्या स्वतःच्या रॉ फॉरमॅटना. फोनच्या फाइलचं घोडं अडतं ते फाइलची डीएनजी आवृत्ती, आतलं कॉम्प्रेशन आणि जुनं सॉफ्टवेअर गुपचूप सोडून देतं त्या नव्या नोंदी यांपाशी. शिवाय संगणकावर पोचलेली फाइल मुळात रॉच नसणं हेही वरचेवर घडतं. म्हणून खालचा क्रम मोडू नका. नेमकं कुठे अडलंय हे कळण्याआधी कन्व्हर्टर (फाइलचं रूपांतर करणारा प्रोग्रॅम) चालवला तर एका अडचणीत दुसरीची भर पडते.

१. तुमच्या सॉफ्टवेअरची नेमकी आवृत्ती पाहा

"माझ्याकडे सीएस६ आहे" एवढ्यावर काम भागत नाही. फोटोशॉपमध्ये रॉ फाइल वाचण्याचं काम कॅमेरा रॉ हा प्लगइन करतो आणि त्याची आवृत्ती वेगळी असते. ती फोटोशॉपच्या हेल्प मेन्यूत, 'अबाउट प्लगइन'खाली सापडते. मॅकवर ही यादी फोटोशॉप नावाच्या मेन्यूत असते. लाइटरूममध्ये हेल्प मेन्यूतली सिस्टिम इन्फो पाहा.

सर्वसाधारण चित्र असं आहे:

- लाइटरूम ६ शेवटचं ६.१४ पर्यंत, २०१७ च्या डिसेंबरमध्ये अपडेट झालं. लाइटरूम ५ चा शेवट ५.७.१ ला झाला.
- फोटोशॉप सीएस६ बरोबर कॅमेरा रॉ ७.० येत असे, तो ९.१.१ पर्यंत अपडेट होतो.
- सीएस५ मध्ये कॅमेरा रॉ ६.७, सीएस४ मध्ये ५.७ आणि सीएस३ मध्ये ४.६ इथे गाडी थांबते.

सावधान: सीएस६ वर अजून कॅमेरा रॉ ७.० च असेल, तर आधी तो अपडेट करा. पुढे कन्व्हर्टरमध्ये निवडायचा पर्याय ७.१ पासून चालतो. एवढ्या एका आकड्यापायी फाइल 'खराब' ठरते.

२. फोनची सेटिंग आत्ताच बदला

जुन्या फाइलींचं पुढे बघू. आजपासून काढायच्या फोटोंची निम्मी डोकेदुखी फोनवरच संपवता येते.

आयफोन १६ प्रोपासून प्रोरॉसाठी (ॲपलची डीएनजी प्रकारची रॉ फाइल) कॉम्प्रेशन निवडता येतं. सेटिंग्ज, कॅमेरा, फॉरमॅट्स या वाटेने जा आणि प्रोरॉ फॉरमॅटमध्ये 'जेपीईजी लॉसलेस' निवडा. त्यापुढे 'मोस्ट कम्पॅटिबल' असं लिहिलेलं असतं आणि ते शब्दशः खरं आहे. जेपीईजी एक्सएलचे दोन्ही पर्याय फाइल लहान करतात, पण ते कॉम्प्रेशन डीएनजी १.७ मध्ये, म्हणजे २०२३ मध्ये आलं. २०१७ ला थांबलेल्या सॉफ्टवेअरला ते उलगडता येणं शक्यच नाही.

तिथेच रिझोल्यूशनही ठरवा. १२ मेगापिक्सेलची प्रोरॉ फाइल साधारण २५ एमबीची, तर ४८ मेगापिक्सेलची ७५ एमबीच्या आसपास असते. मोठी प्रिंट करायची नसेल आणि संगणकही सॉफ्टवेअरइतकाच जुना असेल, तर १२ च घ्या. लाइटरूम ५ ची ३२-बिट आवृत्ती ४८ मेगापिक्सेलच्या लीनियर फाइलवर (हा प्रकार टप्पा ४ मध्ये समजावला आहे) मेमरी संपवून बंद पडते. तो दोष फाइलचा नसतो.

सॅमसंगच्या एक्स्पर्ट रॉ ॲपच्या नव्या फाइलींतही जेपीईजी एक्सएल असू शकतं. गृहीत धरू नका, टप्पा ४ प्रमाणे तपासा.

३. संगणकावर मूळ फाइलच आली पाहिजे

सर्वांत जास्त वेळ इथे वाया जातो, कारण आपण चुकतोय हे कळतच नाही. बऱ्याच मेसेजिंग ॲपमधून फोटो म्हणून पाठवलेली रॉ फाइल पलीकडे जेपीईजी होऊन पोचते. ॲपचाच वापर करायचा असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, पण केबल केव्हाही चांगली.

आयफोन विंडोजला जोडण्याआधी सेटिंग्जमध्ये फोटोंच्या पानावर तळाशी 'ट्रान्सफर टू मॅक ऑर पीसी' दिसेल, तिथे 'कीप ओरिजिनल्स' निवडा. 'ऑटोमॅटिक' असेल तर फोन वाटेत फाइलचं रूपांतर करू शकतो. मॅकच्या फोटोज ॲपमधून काढताना 'एक्स्पोर्ट अनमॉडिफाइड ओरिजिनल' हाच आदेश वापरा; नुसतं ओढून डेस्कटॉपवर टाकू नका. फोनवर त्या फोटोत काहीही फेरफार केला असेल, अगदी कडा कापल्या असतील, तरी साध्या पद्धतीने पाठवल्यावर फेरफार केलेली तयार प्रतच येते.

अँड्रॉइडवर केबल जोडल्यावर सूचनापट्टीत 'फाइल ट्रान्सफर' निवडा आणि डीसीआयएम फोल्डरमध्ये शोधा. रॉ आणि जेपीईजी बहुधा वेगवेगळ्या फोल्डरांत असतात. कॅमेऱ्याच्या फोल्डरमध्ये फक्त जेपीईजी दिसल्या, तर शेजारचे फोल्डरही उघडून पाहा.

तपासणी: फाइलच्या नावापुढे डीएनजी आहे का, आणि फोनवरचा व संगणकावरचा आकार तंतोतंत जुळतो का? १२ मेगापिक्सेलची 'रॉ' ३-४ एमबीची असेल तर ती रॉ नाही. नाव हाताने बदलून डीएनजी केलं तरी ती रॉ होणार नाही.

मूळ फाइली एका फोल्डरमध्ये ठेवा, तो फोल्डर 'रीड ओन्ली' करा आणि पुढचं सगळं काम प्रतींवर करा. याचं कारण साधं आहे: लाइटरूम डीएनजीसाठी सेटिंग साठवणारी वेगळी एक्सएमपी फाइल बनवत नाही, मेटाडेटा सेव्ह केला की सेटिंग थेट डीएनजीच्या आत लिहितं.

४. फाइलच्या आत काय आहे ते पाहा

विंडोजच्या किंवा मॅकच्या व्ह्यूअरमध्ये फोटो नीट दिसला म्हणजे फाइल वाचता येते, असं समजू नका. बरेच व्ह्यूअर आत ठेवलेला छोटा जेपीईजी प्रिव्ह्यू दाखवतात. लाइटरूमच्या ग्रिडमध्ये आधी सुंदर दिसलेला फोटो डेव्हलपमध्ये गेल्यावर एकदम बदलतो तोही याचमुळे. फाइल बिघडलेली नसते; प्रिव्ह्यू जाऊन त्या जागी खरा रॉ डेटा आलेला असतो.

खरी माहिती एक्झिफटूल देतं. ते मोफत आहे. विंडोजवर त्याच्या आयकॉनवर फाइल ओढून टाकली की नोंदींची लांबलचक यादी समोर येते. त्यातल्या चार ओळी शोधा:

- डीएनजी व्हर्जन: फाइल कोणत्या आवृत्तीच्या नियमांनी लिहिली आहे.
- डीएनजी बॅकवर्ड व्हर्जन: ही फाइल वाचायला किमान कोणती आवृत्ती समजायला हवी. आपल्या कामाचा आकडा हाच.
- कॉम्प्रेशन: जेपीईजी, अनकॉम्प्रेस्ड, लॉसी जेपीईजी की जेपीईजी एक्सएल.
- फोटोमेट्रिक इंटरप्रिटेशन: 'कलर फिल्टर ॲरे' की 'लीनियर रॉ'.

एक खाच आहे. एकाच डीएनजीत प्रिव्ह्यू, मुख्य रॉ आणि कधी कधी मास्क (फोटोतला ठरावीक भाग वेगळा दाखवणारी प्रतिमा) अशा अनेक प्रतिमा असतात आणि प्रत्येकीचं कॉम्प्रेशन वेगळं असतं. साध्या यादीत त्यातली एकच ओळ दिसते आणि ती नेमकी प्रिव्ह्यूची निघू शकते. त्यामुळे कमांडमध्ये लहान ए आणि मोठा जी१ हे दोन पर्याय (दोन्ही रोमन अक्षरांत, आधी उणे चिन्ह लावून) जोडा. मग प्रत्येक ओळ कोणत्या प्रतिमेची आहे हे गटासकट दिसतं. सर्वांत जास्त रुंदी-उंची असलेल्या गटाच्या ओळी वाचा.

आता या नोंदींचा अर्थ. 'कलर फिल्टर ॲरे' म्हणजे सेन्सरचं मूळ मोझॅक. प्रत्येक पिक्सेलला एकच रंग, बाकीचे दोन रंग सॉफ्टवेअर काढतं. गूगलच्या पिक्सेल फोनच्या आणि बऱ्याच अँड्रॉइड ॲपच्या डीएनजी अशा असतात. 'लीनियर रॉ'मध्ये तिन्ही रंग आधीच काढलेले असतात. प्रोरॉ आणि एक्स्पर्ट रॉ या जातीच्या. ॲडोबीची जुनी सॉफ्टवेअर दोन्ही प्रकार वाचतात. इतर कंपन्यांच्या काही जुन्या प्रोग्रॅमना मात्र फक्त मोझॅक कळतं, लीनियर फाइल ते नाकारतात किंवा भलत्याच रंगांत दाखवतात.

५. आता मार्ग ठरवा

बॅकवर्ड व्हर्जन १.४ किंवा त्याहून कमी, कॉम्प्रेशन साधं जेपीईजी, आणि तुमच्याकडे लाइटरूम ४.१ ते ६ किंवा अपडेट केलेलं सीएस६: काहीही रूपांतर न करता उघडून पाहा. उघडली तर थेट टप्पा ८ ला जा. विनाकारण कन्व्हर्ट करण्यात काही हशील नाही.

कॉम्प्रेशन जेपीईजी एक्सएल असेल, बॅकवर्ड व्हर्जन मोठं असेल, किंवा सॉफ्टवेअर सीएस५ वा त्याआधीचं असेल, तर टप्पा ६.

सॉफ्टवेअर ॲडोबीचं नसेल आणि फाइल लीनियर असेल, तर कन्व्हर्टर एकदा वापरून पाहा, पण टिफचा मार्ग (टप्पा १०) बहुधा घ्यावा लागेल.

हे करू नका: एक्झिफटूलने बॅकवर्ड व्हर्जनचा आकडा हाताने कमी करणं. आकडा बदलला म्हणून आतलं जेपीईजी एक्सएल उलगडत नाही. आधी स्वच्छ नकार देणारं सॉफ्टवेअर आता अर्धवट वाचून कचरा दाखवतं. तसंच फोनचं मॉडेल नाव बदलून दुसऱ्या कॅमेऱ्याचं लिहिणं. त्याने सॉफ्टवेअर फाइलमधली रंगांची माहिती बाजूला ठेवून त्या दुसऱ्या कॅमेऱ्याचं प्रोफाइल लावू शकतं, आणि त्वचेचे रंग असे बिघडतात की स्लायडरने सावरत नाहीत.

६. डीएनजी कन्व्हर्टर चालवा

ॲडोबी डीएनजी कन्व्हर्टर मोफत आहे आणि तो नवीनच हवा. सॉफ्टवेअर जुनं म्हणून कन्व्हर्टरही जुना घेतला, की तोही नव्या फाइलींपाशी अडतो. नवा कन्व्हर्टर तुमच्या जुन्या विंडोजवर किंवा मॅकवर चालत नसेल, तर रूपांतर दुसऱ्या नव्या संगणकावर करून फाइली परत आणा.

1. आधी प्रतींचा फोल्डर निवडा. कन्व्हर्टर डीएनजी फाइलही इनपुट म्हणून घेतो, फक्त इतर कंपन्यांच्या रॉ नव्हे.
2. निकालासाठी वेगळा, रिकामा फोल्डर द्या. तोच फोल्डर ठेवला तर नावं एकमेकांवर येतात, आणि 'डेस्टिनेशन आधीच असेल तर वगळा' ही खूण लावलेली असेल तर फाइली मुकाट्याने वगळल्या जातात.
3. 'चेंज प्रेफरन्सेस'मध्ये कम्पॅटिबिलिटी निवडा. सीएस६ आणि लाइटरूम ४.१ ते ६ साठी 'कॅमेरा रॉ ७.१ अँड लेटर'. सीएस५ किंवा लाइटरूम ३.६ साठी ६.६. सीएस४ किंवा लाइटरूम २.४ पासून पुढे ५.४. सीएस३ साठी ४.६.
4. जेपीईजी प्रिव्ह्यू 'मीडियम' ठेवा.
5. 'लॉसी कॉम्प्रेशन'ची खूण काढा. त्याने दर्जा तर जातोच, शिवाय डीएनजी १.४ च्या आधीच्या सॉफ्टवेअरला ते वाचताही येत नाही.
6. 'एम्बेड ओरिजिनल रॉ'ची खूणही काढा. मूळ फाइल तुमच्याकडे आहे. इथे फक्त आकार जवळपास दुप्पट होतो.

त्याच यादीतल्या 'कस्टम' पर्यायात आवृत्ती, 'लीनियर' आणि 'अनकॉम्प्रेस्ड' हे वेगवेगळे निवडता येतात. मोझॅक फाइलला 'लीनियर' खूण लावू नका. प्रत्येक पिक्सेलला एकाऐवजी तीन आकडे साठवले जातात, फाइल फुगते आणि हाती काही लागत नाही. 'अनकॉम्प्रेस्ड' हा ॲडोबीबाहेरच्या हट्टी प्रोग्रॅमसाठीचा उपाय आहे. ४८ मेगापिक्सेलच्या लीनियर फाइलचा हिशोब करून पाहा: ८०६४ गुणिले ६०४८ पिक्सेल, प्रत्येकी तीन रंग, प्रत्येक रंगाला दोन बाइट, म्हणजे सुमारे २९३ एमबी. शंभर फोटोंना २९ जीबी.

७. आधी एकच फाइल तपासा

अख्खा फोल्डर कन्व्हर्ट करण्याआधी एकच फाइल करा, आणि तीही अवघड निवडा: उजेडाची खिडकी आणि अंधारा कोपरा दोन्ही असलेली. एक्झिफटूलने कॉम्प्रेशनची ओळ पुन्हा वाचा. मुख्य प्रतिमेपुढे जेपीईजी एक्सएल राहिलेलं नसावं. मग ती जुन्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून शंभर टक्के झूमवर चारही कोपरे पाहा.

लाइटरूम ५ किंवा ६ असेल तर लायब्ररी मेन्यूत 'व्हॅलिडेट डीएनजी फाइल्स' हा आदेश आहे. कन्व्हर्टरने बनवलेल्या फाइलमध्ये तपासणीची खूण लिहिलेली असते, ती यात पडताळली जाते. फोनमधून थेट आलेल्या फाइलमध्ये अशी खूण बहुधा नसते. तेव्हा तिथे 'पडताळता आली नाही' असं आलं तरी घाबरायचं कारण नाही.

लायब्ररीत फोटो ठीक, पण लाइटरूम ६ च्या डेव्हलपमध्ये कोरा किंवा काळा दिसत असेल, तर फाइलच्या मागे लागू नका. प्रेफरन्सेसमध्ये परफॉर्मन्सच्या पानावर ग्राफिक्स प्रोसेसरची खूण काढा. नवा ड्रायव्हर आणि जुनं लाइटरूम यांचं अनेकदा पटत नाही.

८. काळपट दिसतो तो का, आणि पाया कसा घालायचा

नवे फोन हायलाइट (चित्रातले सर्वांत उजळ भाग) वाचवण्यासाठी मुद्दाम कमी एक्स्पोजर देऊन डेटा घेतात. कुठल्या भागाला किती उजळायचं याचा नकाशा ते फाइलमध्ये वेगळा लिहितात. प्रोरॉमध्ये तो 'प्रोफाइल गेन टेबल मॅप' या नोंदीत असतो, आणि ही नोंद २०२१ च्या डीएनजी १.६ मधली. जुनं सॉफ्टवेअर तिला ओळखत नाही, ती ओलांडून पुढे जातं. प्रकाशाची माहिती फाइलमध्ये पूर्ण असते, फक्त नकाशाप्रमाणे वाटलेली नसते. फोनच्या पडद्यावर दिसलेल्या रूपाशी तुलना करत बसू नका; ते काम आता तुम्हाला हाताने करायचं आहे.

क्रम असा ठेवा:

1. प्रोफाइल. कॅमेरा कॅलिब्रेशनच्या पट्टीत 'एम्बेडेड' आणि 'ॲडोबी स्टँडर्ड' दोन्ही दिसत असतील तर आळीपाळीने लावून पाहा. त्वचा आणि आकाश ज्यात नैसर्गिक वाटतं ते ठेवा. हे शेवटी बदललं तर आधीची सगळी मेहनत हलते.
2. व्हाइट बॅलन्स. 'ॲज शॉट'पासून सुरुवात करा.
3. एक्स्पोजर. चेहरा किंवा मुख्य विषय योग्य दिसेल इतकंच वाढवा. खिडकी पांढरी पडली तरी या टप्प्यावर चालेल.
4. हायलाइट्स आणि शॅडोज. स्लायडरांच्या गणिताची 'प्रोसेस २०१२' ही आवृत्ती असेल (सीएस६, लाइटरूम ४ पासून) तर हायलाइट्स उणे ३० ते उणे ५०, शॅडोज अधिक ३० ते ६० इथून सुरू करा. सीएस५ किंवा लाइटरूम ३ मध्ये हीच कामं रिकव्हरी आणि फिल लाइट करतात; दोन्ही २० ते ४०. फिल लाइट ५० च्या पुढे गेलं की कडांभोवती पांढुरकी रेघ दिसू लागते.
5. काळं टोक. शॅडोज उचलल्यावर चित्र धुरकट होतं. ब्लॅक्स थोडे खाली आणा.

एवढं एका फोटोवर जमलं की त्या फोनसाठी प्रीसेट करून ठेवा, पण त्यात एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स घेऊ नका. ते प्रत्येक फोटोला वेगळे असतात.

९. लेन्स, नॉइज, शार्पनिंग

फोनच्या बारीक लेन्समुळे येणारा बाक आणि कोपऱ्यांतली रंगझाक यांचा तोडगा मोझॅक डीएनजीत सूचनांच्या रूपात लिहिलेला असतो. या सूचना डीएनजी १.३ पासून आहेत. कॅमेरा रॉ ५.४ पासून पुढे त्या आपोआप पाळल्या जातात. त्याआधीच्या किंवा इतर कंपन्यांच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये कोपरे गुलाबी-हिरवे दिसतात ते याच कारणाने. त्यावर स्लायडर घासत बसण्यापेक्षा टिफचा मार्ग घ्या.

सावधान: सूचना आधीच लागू झालेल्या असताना वरून लेन्स प्रोफाइल लावू नका. दोनदा दुरुस्ती होते. कपाटाची किंवा दाराची सरळ कड फ्रेमच्या काठाशी आणून पाहा; मधोमध आत खेचल्यासारखी दिसली तर दुरुस्ती दुप्पट झाली आहे.

नॉइजच्या बाबतीत दोन प्रकारच्या फाइलींना एकच सेटिंग लावणं ही फार मोठी चूक आहे. लीनियर फाइलमध्ये फोनने अनेक फ्रेम जोडून नॉइज आधीच काढलेला असतो. तिथे शार्पनिंगचा नेहमीचा २५ चा आकडा ० ते १५ वर आणा आणि ल्युमिनन्स शून्य ठेवा; नाहीतर केस आणि पानं मेणासारखी दिसतात. मोझॅक फाइलला शार्पनिंग रेडियस ०.७ च्या आसपास, ल्युमिनन्स १५ ते ३० आणि कलर २५ ते ४० इथून सुरू करा.

१०. काहीच जमलं नाही तर: टिफ

नव्या संगणकावर रॉथेरपी किंवा डार्कटेबल या मोफत प्रोग्रॅमच्या ताज्या आवृत्तीत फाइल उघडा, फक्त एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स ठरवा आणि १६-बिट टिफ काढा. मॅकच्या फोटोज ॲपमधूनही एक्स्पोर्ट करताना टिफ निवडून १६-बिटची खूण लावता येते. त्यात ॲपलचं स्वतःचं उजळण्याचं गणित लागू होऊन येतं, म्हणून प्रोरॉसाठी हा मार्ग मला जास्त पटतो. १२ मेगापिक्सेलची अशी टिफ कॉम्प्रेशनशिवाय ७३ एमबीच्या आसपास होते.

८-बिट टिफ काढू नका. शॅडोज उचलल्यावर आकाशात पट्टे उमटतात. टिफ काढताना हायलाइट पांढरे पडू देऊ नका, कारण रॉप्रमाणे ते मागे आणायची सोय इथे नाही.

जुन्या फोटोशॉपमध्ये टिफ उघडण्याआधी एडिट मेन्यूतल्या कलर सेटिंग्जमध्ये 'प्रिझर्व्ह एम्बेडेड प्रोफाइल्स' आहे ना हे पाहा, आणि प्रोफाइल जुळत नसेल तर विचारण्याची खूण लावा. आयफोनचे फोटो डिस्प्ले पी३ या मोठ्या रंगपट्ट्यात असतात. ते प्रोफाइल टाकून दिलं की रंग फिके पडतात आणि लोक सॅच्युरेशन वाढवत सुटतात. कॅमेरा रॉमधून फाइल फोटोशॉपमध्ये नेत असाल तर खिडकीच्या तळाशी निळ्या अक्षरांतली ओळ असते. तिच्यावर क्लिक करून ८ ऐवजी १६ बिट निवडा. जुन्या आवृत्त्यांत ती ओळ बहुतेकदा ८ वर राहून गेलेली असते.

इंटरनेटवर टाकायची प्रत सर्वांत शेवटी, एसआरजीबी या सर्वत्र चालणाऱ्या रंगपट्ट्यात बदलून, जेपीईजी म्हणून काढा. रूपांतरित डीएनजी कामाची प्रत म्हणून ठेवा. मूळ फाइली मात्र पुसू नका: गेन टेबलचा नकाशा आणि मास्क जुन्या आवृत्तीत रूपांतर करताना शाबूत राहतील याची खात्री धरता येत नाही, आणि पुढे सॉफ्टवेअर बदललं तर ते फक्त मूळ फाइलमधूनच वापरता येतील.